पाइनच्या फळ्या आणि बाथरूमची वायर

लारविक, १२ नोव्हेंबर २०१८

ओद्वार,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, तुम्हीही बरे असाल. इथे पाऊस आहे, तुमच्याकडे नोटोडेनला बर्फ सुरू झाला असेल. झाली रीतभात. फोनवर तुझा नंबर मी बंद केलेला आहे आणि तो बंदच राहील, म्हणून हे कागदावर.

नऊ वर्षांनी तू मला लिहितोस आणि काय विचारतोस, तर लाकूड कुठलं घेऊ. मारेनने दोन कॉर्न स्नेक आणलेत, आता कायद्यानेच परवानगी आहे, तेव्हा तिच्या खोलीत सापांसाठी खणांचं कपाट बांधून द्यावं म्हणतोस. सुट्टीतल्या लाकडी केबिनच्या जमिनीच्या पाइनच्या फळ्या उरल्यात, त्या चालतील की बर्चचं प्लाय आणू? आणि शेवटी, सहज सुचल्यासारखं, ऊब देण्यासाठी बाथरूमच्या फरशीखालची तापणारी वायर शिल्लक आहे, तीच फळ्यांमधून फिरवून टाकेन, फुकटात काम होईल, म्हणे.

आधी उत्तरं घे.

पाइन नको. ते तापलं की त्यातून राळेचा वास सुटतो. तुम्हा लोकांना तो केबिनचा वास म्हणून आवडतो, पण बंद खणात साप तो रात्रंदिवस छातीत भरून घेतो. एमडीएफ नको, पाण्याचं भांडं एकदा लवंडलं की तो पावासारखा फुगतो. बर्चचं प्लाय चालेल, पण पाण्यात विरघळणारं वॉर्निश दोनदा लाव आणि वास पुरता जाईपर्यंत थांब. थांबणं तुला जमत नाही, हे मला माहीत आहे. सगळ्यात बरं म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटांचा पांढरा गुळगुळीत बोर्ड. मी अजून तीच कपाटं विकते, दुकानात कापलेले तुकडे पडून असतात. कापलेल्या कडा सिलिकॉनने बंद करायच्या. खण म्हणजे प्लास्टिकचे साधे डबे, झाकणाशिवाय. वरची फळी हेच झाकण, म्हणून डबा आणि फळी यांत फट इतकी कमी की जाड पुठ्ठाही आत जाऊ नये. कॉर्न स्नेकचं पिल्लू बोरूएवढं असतं. फट राहिली तर ते तुला थेट बुटात सापडेल.

आता वायर. ती वायर सिमेंटमध्ये गाडण्यासाठी बनवलेली असते, ओद्वार. तिची उष्णता फरशी ओढून घेते. लाकडात मोकळी टाकलीस तर उष्णतेला जायला जागा नाही, ती जागच्या जागी साठत जाते आणि लाकूड आधी काळं पडतं, मग पेटतं. या देशात ज्याच्या त्याच्या घरी ती वायर उरलेली असते आणि ज्याला त्याला वाटतं, ऊब ती ऊबच. सापांसाठी वेगळी, कमी ताकदीची चपटी पट्टी मिळते. ती फळीच्या मागच्या भागात, अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बसवायची. सोबत थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचं टोक डब्यात नाही, पट्टीवर घट्ट चिकटवायचं. डब्यात ठेवलंस आणि साफसफाईला डबा बाहेर काढलास, की टोकाला गार हवा लागते, थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडली, आणि बाकीचे साप जिवंत भाजले जातात.

हे सगळं तुला आधीच ठाऊक असायला हवं. तू माझं कपाट पाहिलं होतंस. तुझ्याइतकं जवळून ते दुसऱ्या कोणी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा साप पाळणं गुन्हा होता, म्हणून ते चादरींच्या कपाटात, दाराआड बांधलं होतं. पट्टी, थर्मोस्टॅट, बंद केलेल्या कडा, सगळं होतं, आणि दाराला मागून हवेची भोकंही होती. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात गेले तेव्हा पाणी बदलायला किल्ली फक्त तुला दिली होती. परत आले तर कपाटाची दारं उघडी आणि डबे रिकामे. शेजारची योर्दिस जिन्यात भेटली. म्हणाली, "तुझ्या भावानंच कुलूप उघडून दिलं की. सोबत दोन माणसं होती. मला वाटलं, नळ गळतोय."

जप्त केलेले साप तेव्हा मारून टाकत. तुला ते माहीत होतं. फ्रू लिंड ही माझी म्हातारी अजगरीण, माझ्या बोटांच्या वासाने डोकं वर काढायची. ती त्यात होती.

आईकडे कॉफी पिताना तू मान वर न करता म्हणालास, "सोल्वी, आग लागली असती तर? अख्खी इमारत गेली असती." आई म्हणाली, "त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं ग, वॅफल घे." मी वॅफल घेतला नाही आणि तुझ्याशी परत बोलले नाही.

आगीची भीती वाटली म्हणून तू माझे साप मारवलेस. आणि आता स्वतःच्या मुलीच्या उशाशी पाइनच्या फळ्यांत बाथरूमची वायर फिरवणार आहेस. तुला आगीची भीती कधीच वाटली नव्हती. तुला नगरपालिकेत बढती हवी होती आणि बहिणीच्या घरी बेकायदा साप सापडले तर आपलं नाव निघेल, ही भीती होती. हे निदान एकदा सरळ बोलला असतास तर मी शिव्या घातल्या असत्या आणि कदाचित विसरलेही असते. तुझ्या साळसूदपणाची मात्र मला किळस येते.

तरीही मी गप्प बसले असते. लाकूडबिकूड लिहून पत्र पोस्टात टाकलं असतं. पण वायरचं वाचून मला राहवेना आणि मी मारेनला फोन केला. एकोणीस वर्षांची झाली ती, आवाज अगदी आईचा. ती वायर बाहेर फेकून दे म्हटलं, तर लगेच हो म्हणाली. मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? बाबा सांगतो, तुला सापांचा कंटाळा आला आणि तू ते देऊन टाकलेस. म्हणून तू आमच्याकडे येत नाहीस, तुला लाज वाटते. असं कसं ग करवलं तुला?"

दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला. माझ्या घरात दूध नव्हतं.

म्हणजे साप मी टाकले, लाजही मलाच, आणि तू साधा काळजीवाहू बाप. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, ओद्वार. तुला लाकूड नको होतं. मी दोन ओळी प्रेमाने लिहाव्यात आणि ती खोटी गोष्ट तशीच पक्की व्हावी, एवढंच हवं होतं.

तर ऐक. कपाट मी बांधेन, मारेनबरोबर, माझ्या दुकानातल्या बोर्डाचं. शनिवारी तिला इकडे घेऊन ये. नोटोडेनहून इथवरचा रस्ता पुरेसा लांब आहे. त्या रस्त्यात तिला सांग, कुलूप कोणी उघडलं आणि का. आगीचं नाव न काढता सांग. मी दार उघडेन तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळेल. तू सांगितलं नसशील तर मी सांगेन, फ्रू लिंडपासून सगळं, आणि त्यानंतर ती तुझ्या गाडीतून परत जायला तयार होईल की नाही, याची हमी मी देत नाही.

तू वर येऊ नकोस.

मारेनची आत्या,
सोल्वी