आण्णांचं पथ्य

प्रिय विशू,

फोनवर तू 'हं, हं' करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. आण्णांचं डायलिसिस आता आठवड्यातनं तीनदा हाय. रिक्षात चढवायला दोन माणसं लागतात. पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजलाय, नुसती चादर लागली तरी कळवळतात. काल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हृदय थकलंय, आता मशीनही सोसायचं न्हाय. फार तर पंधरा दिवस.

पाच वर्षांमागं तू आण्णांचा रिपोर्ट घेऊन आलतास. युरिक ॲसिड वाढलंय, सांध्यात त्याचे खडे साठतात, ही गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी सोडायची न्हाय, मटण बंद. चारदा समजावलंस. मी मान डोलवली, पण खरं सांगू, डोक्यात काही शिरलं नव्हतं. गोळी सुरू झाली अन् दहाव्या दिवशी अंगठा आधीपेक्षा जास्त ठणकला. सुरुवातीला असं होतं, तरी गोळी सोडायची नसते, हे मला आत्ता कळलं.

वर्षानं रिपोर्ट आणखी वाईट आला. चोरून मटण खाता, गोळ्या फेकून देता, म्हणून तू सगळ्या भावकीसमोर आण्णांना वाट्टेल ते बोललास. ते खाली मान घालून बसले. तेव्हापासनं तू घरात पाऊल टाकलं न्हाईस.

विशू, आण्णांनी चोरून काही खाल्लं न्हाय. गोळी बाधली असं वाटून मीच ती बंद केली. माझ्या माहेरी, कागलला, पाय दुखला की बकऱ्याच्या पायाचं सूप देतात. आण्णा नको म्हणायचे. हे मटण न्हवं, औषध हाय, असं म्हणून दर बुधवारी अन् रविवारी मी त्यांना वाटीभर पाजलं. ठणका वाढला की मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्याही मीच आणायची. त्या गोळ्यांनीच किडन्या गेल्या. त्या दिवशी ते गप्प बसले, कारण तू माझ्यावर ओरडलेलं त्यांना सोसलं नसतं. मला शपथ घातली होती. ती आज मोडली. मला माफ करू नकोस, पण ये. कुरिअरनं पाठवतेय. पत्र पोचेस्तोवर उशीर झालाच, तर तुझा राग कुणावर असायला हवा होता, तेवढं तरी तुला ठाऊक असावं.

तुझीच,
आई