शिरेला धातूचा डाग

चकलांबा, ता. गेवराई

चि. मनिषास बद्रीनाथमामाचे आशीर्वाद. येथे सर्व ठीक. मामी ठणठणीत असून तू वेळेवर जेवतेस का, हे रोज मलाच विचारते. आधी एक गंभीर तक्रार. मेंदूतल्या पेशीचा फोटो पाठवलास, पण वरची बाजू कोणती हे लिहिले नाहीस. शाळेच्या ऑफिसात तो चार दिवस उलटा टांगला होता. (किंवा सुलटा. पाचव्या दिवशी फिरवल्यावर हेडमास्तर अर्जुनराव म्हणाले, "आता कसं नीट कळतंय.")

तू लिहिलेस की तुझ्या त्या सूक्ष्मदर्शक यंत्रात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतात, नुसती पेशी त्यांना अडवत नाही, म्हणून ऑस्मियम, युरेनियम, शिसे असे जड धातू तिच्यात मुरवावे लागतात. मग तिची रेष न्‌ रेष उमटते. प्रार्थनेनंतर मी हे तुमचे 'स्टेनिंग' शुद्ध मराठीत जाहीर केले : "आमची भाची शिरेला धातूचा डाग देते." झाले! आपल्याकडे डाग देणे म्हणजे दुखऱ्या जागी तापलेला विळा टेकवणे, हे भाषेच्या नादात विसरलो. दुसऱ्या दिवशी छबुबाई (बारा हंगाम उसाच्या मोळ्या वाहून कंबर गेलेली) दारात हजर. "मास्तर, भाची कवा येनार? माजे लोखंडाचे तीन डाग झाले, गुण न्हाई. तिचा धातू लई भारी हाय म्हनं?" मी म्हटले, बाई, ती मेलेल्या उंदराच्या मेंदूला देते. ती शांतपणे म्हणाली, "मंग उंदराला गुण आला का?" (याचे उत्तर कळव. तिला मी गेवराईच्या डॉक्टरांकडे धाडले आहे.)

पण पोरी, तुझे पत्र मी तीनदा वाचले. आम्ही संस्कृतच्या मास्तरांनी जन्मभर धातूला प्रत्यय लावले. तू पेशीला धातू लावतेस. आमच्यात 'अञ्ज्' नावाचा धातू आहे. अर्थ माखणे, आणि व्यक्त करणेही. अंजन त्यातलेच, व्यक्तही त्यातलेच. माखल्याशिवाय दिसत नाही, हे मी तीस वर्षे नुसते शिकवले. करून दाखवलेस तू.

तुझा,
बद्रीनाथमामा

ता. क. : फोटोची वरची बाजू कळवच.

आणखी एक ता. क. : हा 'अञ्ज्' परवा वर्गात आठवला नाही. मुले हसली, मीही हसलो. वर लिहिला तो पुस्तकात पाहून. काल मामीला हाक मारायची होती, तर 'विजयमाला' हे नावच सापडेना. 'अगं' म्हणून वेळ मारून नेली, त्यामुळे तिला कळले नाही. तुझे यंत्र मेल्यावरच बघते, हे समजले. जिवंतपणी बघणारा कोणी तुझ्या ओळखीत असेल तर मला कळव, तिला नको. मला भीती वाटते आहे.