लेइतूचा शेवटचा प्रश्न

सोमवार, ४ ऑगस्ट

नापास! माझी नात लेइतू नापास!

कॉलेजात अडचणीतल्या कुटुंबांना मदत करायचं शिकते ना ती — घरोघरी जायचं, काय हवं-नको ते विचारायचं. परीक्षेला एका खोट्या, सोंग घेतलेल्या कुटुंबाकडे पाठवलं. ही चटईवर मांडी घालून बसली, वाढलेला तारोचा कंद सगळा खाल्ला, मान खाली घालून तिथल्या म्हातारीला "हो आजी, हो आजी" केलं आणि उठून आली. प्रश्न एकही नाही! त्यांच्या योआना बाई म्हणाल्या म्हणे, "पाहुणी म्हणून पहिली आलीस बघ!"

"थोरल्यांना घरातलं कसं गं विचारायचं, आजी?" रडतेय नुसती. खरंच आहे. आम्हा सामोअन लोकांत लहानांनी असं विचारलं तर पाठीत चप्पल. मीच तसं वाढवलंय तिला. म्हणजे नापास मीच की! मला हसूच फुटलं.

शुक्रवारी पुन्हा परीक्षा. ती हुकली तर वर्ष गेलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

कोकोत साखरेऐवजी मीठ पडलं. डबे मेले सारखेच दिसतात!

बुधवार, ६ ऑगस्ट

आज सराव. मी खाष्ट म्हातारी झाले — काय मजा! लेइतू चिमणीएवढ्या आवाजात, "तुम्हाला स्वतःला कशाची मदत हवी?"

मी ठोकून दिलं, "छप्पर गळतं! मुलगा पितो! डुकरं पळाली!"

शेजारची पेपे धावत आली, "कुणाची डुकरं पळाली?" हसून हसून पोट दुखलं. (मुलगा बिचारा चर्चमध्ये बाजा वाजवतो, सरबताशिवाय काही पीत नाही.)

"आजी, नीट उत्तर दे ना गं!"

"लोक नीट देतात होय? आधी बसायचं, खायचं, मग विचारायचं. थट्टेवारी नेलं तरी उठायचं नाही. बसून राहायचं."

या नादात कढईतले पानीकेके, आमचे गोड वडे, करपले. ओळीही एकमेकींवर चढताहेत — वहीच भिकार.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पास! पास!! पास!!!

खोटं कुटुंब म्हणून बाईंनी आज पेपेलाच बसवलं होतं. तीच सांगत आली. तिनं हसण्यावारी नेलं, गाणं म्हटलं — लेइतू हलली नाही. शेवटी पेपे सोंग विसरली आणि सुनेशी अबोला आहे ते खरं खरं सांगून बसली! योआना बाई गुण द्यायचे सोडून नाक पुसत होत्या म्हणे.

मी अंगणात नाचले. गुडघा दुखतोय. दुखू दे!

रविवार, १० ऑगस्ट

चर्चहून आलो, जेवलो. लेइतू समोर येऊन मांडी घालून बसली.

"आजी, तुला स्वतःला कशाची मदत हवी?"

"छप्पर गळतं. डुकरं पळाली."

हसली नाही. उठलीही नाही. कितीतरी वेळ.

मग सांगितलं मी. डाव्या डोळ्यानं दिसत नाही. उजवाही धूसर झालाय. वर्ष झालं.

हे मी बोलतेय, लिहितेय लेइतू. म्हणते, ओळी अगदी सरळ आल्यात.