लाकडी पडद्यांची शववाहिका

डेट्रॉइट, मंगळवार

प्रिय भाऊ क्लीटस, प्रभू तुम्हा सर्वांना सांभाळो.

मी विसरलेली काळी टोपी पोचली. टपालाला सात डॉलर कशाला घातलेस?

खोक्यात तुझ्या बायकोची, व्हर्लीनची, चिठ्ठी होती. आईच्या मयतीला आलेल्या शववाहिकेवरचे, कापडासारखे चुणीदार लाकडी पडदे तू कोरलेस आणि जिवंतपणी अंथरुणावरून आईने एकेका चुणीवर हात फिरवून ते पसंत केले, हे मला आत्ता कळलं. मी मात्र चर्चच्या दारात सगळ्यांदेखत ओरडले, "मेल्यावर हा थाट कशाला? साधी गाडी आणा!" तू नुसता म्हणालास, "बरं, ताई." आई साध्या गाडीतून गेली.

तोंड दाखवायला जागा नाही रे. तेव्हापासून तू कोरकामाची पटाशी हाती धरली नाहीस म्हणे. माझा राग लाकडावर काढू नकोस. गुडघा कसा आहे?

माझ्या वेळी मला तुझ्या त्या पडद्यांच्या गाडीतून नेशील? उलट टपाली कळव.

चुकलेली बहीण,
ओडेसा