एका बाजूचा फोन

९ फेब्रुवारी, रविवार

सप्टेंबरनंतर इथे एक ओळ नाही. चुकलंच माझं. कारणं शोधली तर सापडतील – फ्लूचे दिवस, माझ्या औषधांच्या दुकानातली गर्दी, बाबांचं रक्तदाबाचं लचांड – पण खरं कारण वेगळं आहे. लिहायला बसले की मी तक्रारच लिहिते आणि मग स्वतःचीच तक्रार वाचायची लाज वाटते.

आजही तक्रारच आहे.

संध्याकाळी बाबांकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे, रोजचंच. ते खिडकीत, तोंड डॅन्यूब नदीकडे. म्हणाले, "लाचेझारचा फोन येऊन गेला."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. फोन करतो आणि गप्प बसतो. दर रविवारी. नोव्हेंबरपासून."

नोव्हेंबरपासून – आणि मला आज कळतंय! नोव्हेंबरात टेलिफोन कंपनीने जुनी तार काढली आणि इंटरनेटची पेटी बसवून टेलिफोन तिला जोडला. तो वाजतो फक्त लाचेझारने फोन केला की. मी फोन करत नाही, मी जाते. मोबाइल बाबांना नको. "काचेवर बोट घासून मी बोलणार नाही."

लाचेझार, माझा धाकटा भाऊ, स्पेनमध्ये संत्री भरतो. बारा वर्षांपूर्वी बाबांच्या मालवाहू बार्जवर खलाशी होता. व्हिएन्नाच्या धक्क्यावर उतरला तो परत चढलाच नाही. बाप कप्तान, आणि मुलगा बोट सोडून पळाला – सगळ्या लोम गावात चर्चा. आईच्या शेवटच्या दिवसांत मी होते, तो नव्हता. आणि आता बापाला फोन करून गप्प बसायचं, म्हणजे सूडच की.

१० फेब्रुवारी

त्याला निरोप टाकला. "म्हाताऱ्याला छळायला फोन करतोस का?" उत्तर: "मी बोलतो गं, ताई. तुमच्याकडचा फोन बिघडला असेल."

बिघडलेल्या फोनवर कुणी तीन महिने बोलत राहतं का? लबाड.

बाबांना सांगितलं, "कामात असतो, दमलेला असतो, तुमची आठवण काढतो." असं काही तो म्हणालेला नाही. वर्षानुवर्षं मी हेच करत आले. याचं बोलणं त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे, वाटेत टोकं घासून. मदत म्हणून.

१४ फेब्रुवारी

द्राक्षवेली छाटायचा सण. सकाळी छाटणी, दुपारी वाइन, संध्याकाळी माझ्या दुकानात कापलेली बोटं. पट्ट्या संपल्या.

२ मार्च, रविवार

क्षमेचा रविवार. ईस्टरचे उपवास लागायच्या आधी धाकट्याने थोरल्याची क्षमा मागायची. चीज घातलेली, पापुद्र्यांची बानित्सा भाजून नेली, पांढरा हलवाही. बाबांचा हात ओठांना लावला, म्हटलं, "क्षमा करा, बाबा."

"क्षमा असो," ते म्हणाले आणि विचारलं, "मीठ कमी घातलंस ना?"

एवढंच. मी तरी कशाची वाट पाहत होते कोण जाणे.

स्वयंपाकघरात बानित्सा कापत असताना फोन वाजला. बाबांनी उचलला. बराच वेळ काही नाही. मग बोलायला लागले – भसाड्या, सपाट आवाजात, बोटीच्या रेडिओवर बोलायचे तसे, वाक्य संपलं की थांबून.

"आज क्षमा तू मागायची असते. तू बोलत नाहीस, तर मीच मागतो." थांबले. "व्हिएन्नाला तू परत येत होतास. धक्क्यावरून पळत येताना दिसला होतास मला." थांबले. "बोटीवर चढायची फळी ओढायला मीच सांगितली. अर्धा तास उशीर केलास म्हणून. वाटलं, पुढच्या बंदरावर येईल रडत. आला नाहीस. मग गावात सांगितलं, पळाला." पुन्हा थांबले. "क्षमा कर."

माझ्या हातात सुरी तशीच. बारा वर्षं मी ज्याला पळपुटा म्हणत आले!

रिसीव्हर ठेवून ते आत आले, म्हणाले, "गार झाली का गं?"

मी बानित्सा वाढली. दुसरं काय करणार?

३ मार्च

सुट्टी. रात्रभर एकच विचार – लाचेझार फोनबद्दल खरं बोलत असेल तर? म्हणून घरूनच बाबांच्या नंबरावर फोन लावला.

त्यांनी उचलला. मी म्हटलं, "बाबा, मी झोर्नित्सा. ऐकू येतंय?"

"लाचेझार? आज सोमवारी कसा?"

"बाबा, मी आहे!"

"बरं, ऐक," ते म्हणाले. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यांचा मला स्वच्छ ऐकू येत होता.

तिथेच ठेवायला हवा होता. ठेवला नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःला फसवता येणार नाही.

"तुझी बहीण काल येऊन गेली," बाबा म्हणाले. "गुणाची आहे. पण ती दार उघडते आणि मी पेशंट होतो. नाडी, गोळी, मीठ. तुझ्याशी बोलताना मी अजून कप्तान असतो. तिला सांगू नकोस, रडेल."

रडले नाही. ठेवला.

५ मार्च

बाबांकडे बसून कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. एक मुलगी मिळाली, राजधानीतली, सोफियाची. आवाजावरून विशीतली. "मॅडम, तुमचा आवाज पलीकडे जातो, पण पलीकडचा इकडे येत नाही, असंच ना? मग राउटरची, म्हणजे त्या पेटीची, सेटिंग उघडा. एसआयपी एएलजी असं काही दिसतं?"

दिसलं. समोर खूण केलेली.

"ती काढा. ती खूण फोनच्या मदतीसाठीच असते. कॉल जाताना मधे पडून त्यातला पत्ता बदलते, सोयीसाठी म्हणून. पण तिला धड जमत नाही. मग पलीकडचा आवाज भलत्याच दारात जाऊन पडतो."

"मग ठेवलीच कशाला?"

"कंपनीकडून तशीच येते. कुणी मागितलेली नसते, मॅडम."

मी खूण काढली. बाबा मागून बघत होते. "काय करतेस?" म्हटलं, "फोन नीट करते." ते खिडकीकडे परतले.

आता प्रामाणिकपणे. हे मी त्या दोघांसाठी केलं का? की 'पेशंट' हा शब्द टोचला म्हणून? त्यांचं ते बोलणं बंद व्हावं असं मला कुठेतरी वाटलं का? दोन्ही खरं असेल. कशाचा वाटा जास्त, ते ठरवता येत नाही.

९ मार्च, रविवार

मुद्दाम थांबले होते. फोन वाजला, बाबांनी उचलला आणि दचकलेच. पलीकडून आवाज येत होता, मलाही ऐकू गेला. "हॅलो? बाबा?"

"तू बोलतोयस," बाबा म्हणाले.

"हो. ऐकू येतंय तुम्हाला?"

"येतंय."

एवढी वर्षं, आणि एक शब्द सुचेना. शेवटी बाबांनी विचारलं, "तिकडे पाऊस?" तो काहीतरी म्हणाला. बाबांनी व्हिएन्नाचं काढलं, म्हणाले, "पूर्ण बोलू दे मला." तो मधेच बोलला. बाबा आणखी मोठ्याने. "अर्धा तास! अर्धा तास उशीर म्हणजे अख्खी बोट अडते, कळत नव्हतं तुला?" तिकडून: "मग रविवारी माफी कशाला मागितलीत?"

बाबांचा चेहरा पांढरा पडला. रिसीव्हर आपटला.

मी पाणी दिलं. नाडी बघायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

१० मार्च

सकाळी लाचेझारचा निरोप. इतका मोठा त्याने मला कधीच लिहिला नव्हता.

"ताई, त्यांना ऐकू जात नाही हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. म्हणून तर बोलता यायचं. ते बोलून थांबायचे, तेवढ्यात मी बोलायचो. व्हिएन्नाचंही बोललो. त्यांच्या तोंडावर मला ते या जन्मात जमणार नाही. पेटीचं काय केलंस ते केलंस, पण पूर्वीचं करून दे."

दुपारी बाबांकडे. खिडकीतून मान न वळवता म्हणाले, "बोटीवर एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. दोघं एकदम बोलले की बोटी आदळतात. पूर्वीचं कर."

"पण बाबा, तो ऐकतोय हे तरी तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"ऐकत नसता तर दर रविवारी केला असता का?"

मला दोन्ही बाजू ऐकू येतात. माझ्याशी कुणी बोलत नाही.

उद्या: दुकान उघडायच्या आधी बाबांकडे जाऊन ती खूण परत करायची.