दादाच्या अँप्लिफायरची घुरघुर

३ मार्च
दादाचा अँप्लिफायर माळ्यावरून काढला. काचेच्या व्हॉल्व्हचं जुनं धूड — पाठीत उसण भरली. दादा गिटार यातूनच वाजवायचा आणि गेला तोही यानेच. स्टेजवर गिटारच्या तारा हातात, ओठ माइकला लागले, संपलं.
आई म्हणाली, "ते मढं घरात पसरू नकोस. भंगारात दे."
देणार नाही. का गेला ते कळल्याशिवाय तर नाहीच.

४ मार्च
शेजारच्या काकू आल्या होत्या. आईचं नेहमीचंच — "हात घामेजलेले होते हो त्याचे. ऐकायचा कुठे कुणाचं?" माझं डोकं फिरतं. मेलेल्या पोरावर किती ढकलायचं! बाबा शेजारी बसून भिंतीकडे बघत होते. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता बल्ब बदला म्हटलं तरी उठत नाहीत.

७ मार्च
मागचा पत्रा उघडला. बाबांनीच शिकवलंय — आत काम करताना डावा हात खिशात. प्लग काढला तरी आत वीज साठून असते, दोन्ही हात घातले तर छातीतून जाते. माझ्या गाऊनला खिसा नाही, म्हणून दादाची जुनी पँट घातली. आईने पाहिलं आणि आत निघून गेली.
कारण सापडलं. एक जुना कपॅसिटर जळालाय. त्यातून वीज थेट पत्र्यावर, तिथून गिटारच्या तारांवर. म्हणजे हात ओले असोत की कोरडे! आईला तोंडावर सांगणार आहे.
पण एक कळत नाही. पत्र्यावर वीज आली की अर्थिंगची हिरवी वायर ती जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. दादा दोन शिव्या हासडून फ्यूज बदलायला बसला असता. मग उडला का नाही?

८ मार्च
हिरवी वायर कापलेली आहे. तुटलेली नाही, कापलेली. टोकावर बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा, मेणबत्तीवर तापवून दाबलेला. आमच्या इस्त्रीत, टेबललॅम्पमध्ये, जिथे उघडाल तिथे असंच टोक सापडेल. दुसरं कुणी असं करत नाही.
बाबा.

९ मार्च
काही लिहवत नाही.

१० मार्च
सगळं आठवलं. दादा मागे लागला होता, "बाबा, ही घुरघुर घालवा ना. माझ्यापेक्षा हीच जास्त गाते." आणि एका दुपारी गेली ती. अर्थिंग कापलं की जाते, पुष्कळ दुरुस्तीवाले करतात. करू नये हे बाबांना माहीत होतं, पण पोराचा हट्ट. दादा घरभर नाचला होता.
बाबांच्या लक्षात आलं असेल? की काम करून विसरूनही गेले? सांगितलं तर ते जगायचे नाहीत. नाही सांगितलं तर खापर कायम दादाच्याच माथी. फार राग येतोय आणि कुणावर काढावा तेच समजत नाही.

१३ मार्च
नाही सांगणार. ठरलं.
कपॅसिटर सगळे नवे घातले. तीन पिनांची नवी वायर, हिरवी पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळली. रिफिलचा तुकडा केराच्या तळाशी. सुरू केला. व्हॉल्व्ह तापून नारिंगी झाले आणि मागोमाग घुरघुर आली. ही राहिली असती तर दादा राहिला असता. खूप रडले.
आवाज ऐकून बाबा दारात आले. म्हटलं, "जुना झाला होता, बाबा. कपॅसिटर गेला. कुणाच्या हातात नव्हतं." ते "हं" म्हणाले आणि परत जाऊन बसले.

१४ मार्च
आज भांडी पुसताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती हिरवी वायर जोडलीस ना?"
आईला फ्यूज कशाशी खातात तेही माहीत नाही.
"ह्यांनी मला तो गेला त्याच दिवशी सांगितलं होतं. लोक विचारणार, म्हणून घामाचं मी काढलं. तो तर गेलाच होता. हे तरी राहायला हवेत ना."