बारा चमचे मीठ

आज सकाळी घरी आलेला माल: लाल कांदे तीन किलो, नव्वद रुपये. पांढऱ्या व्हिनेगरची बाटली, चाळीस. बीट एक, फुकट (कांद्यावर मागून घेतले). फुलस्केप कागद दहा, वीस रुपये. वकिलांचा सल्ला, पाचशे. त्यांनी सांगितले की मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले तरी चालते. म्हणजे पाचशे रुपये देऊन मला कळले की पाचशे रुपये देण्याची गरज नव्हती.

मी, कुंदाबाई पितांबर फेगडे, वय अडुसष्ट, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार जळगाव, आई मुक्ताईला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझी वही तपासावी. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकू शकणारे एकच गृहस्थ होते, ते सहा वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांनाही ते कधी जमले नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व ओसरी, माझ्या नावावर आहे. खोल्या थोरला मुलगा हितेंद्र व धाकटा जितेंद्र यांनी समान वाटून घ्याव्यात. हितेंद्रने गेल्या दिवाळीला टेप लावून जमीन मोजली आणि विचारले तर म्हणाला, "पंख्याला जागा बघतोय, आई." पंखा जमिनीवर बसवायचा विचार दिसला. मापे त्याच्याकडे आहेतच, वाटणीला अडचण येऊ नये.

कलम २. स्वयंपाकघर, ओट्यासह, धाकटी सून भूमिका जितेंद्र फेगडे, हल्ली मुक्काम धुळे, हिला द्यावे. स्वयंपाकघर वेगळे देता येत नाही असे वकील म्हणाले. मी म्हटले, पाचशे रुपयांत तेवढे बसवा. घर विकायचे झाले तरी त्या घरातला चहा तिला विचारूनच होईल.

कलम ३. माझी जाऊ चारुलता हिला माझी कान तुटलेली कपबशी. तिने माझ्या कांद्याचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला व खाली लिहिले, "आमच्या सासूबाईंची पारंपरिक पद्धत". सासूबाई माळकरी होत्या. जन्मात कांद्याला हात लावला नाही. त्या व्हिडिओत बीटाऐवजी बाटलीतला रंग घातला आहे आणि चारुलताची बोटे आठ दिवस गुलाबी होती, हे देवाने पाहिले व मीही पाहिले. माझी पद्धत माझी आहे. ती अशी:

अर्धा किलो कांदा उभा पातळ चिरून पाकळ्या सुट्या कराव्यात. एक वाटी कोमट पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, दोन चमचे साखर, चार मिरे, बीटाची एक चकती, आणि एक चमचा मीठ. कांदा बरणीत दाबून वरून हे पाणी ओतावे. तासाभरात गुलाबी होतो. वरण-बट्टीबरोबर द्यावा. मीठ एकदाच घालावे. हे का लिहावे लागते ते पुढे येईल.

कलम ४. बँकेतील ठेवीतून पाचशे एक रुपये मुक्ताईच्या देवळात द्यावेत, बाकी दोन्ही मुलांना सारखे. माझ्या तेराव्याला केटरर सांगू नये. मी जिवंतपणी त्यांचे वरण खाल्ले आहे.

कलम ५. काचेची मोठी बरणी व माझ्या सगळ्या वह्या भूमिकाला. कारण लिहिणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, जितेंद्रच्या मुलीचा पहिला वाढदिवस याच घरात झाला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, आणि सहा चमचे मिठाचा तीन किलो कांदा. मी चातुर्मास पाळते. कांदेनवमीला शेवटचा कांदा खायचा, मग कार्तिकापर्यंत जिभेला लावायचा नाही. दुसऱ्यांना करून घालायला हरकत नाही, फक्त चाखायचा नाही. पंगतीत भूमिकाचे वडील, धुळ्याचे आबा, पहिला घास घेऊन हसत म्हणाले, "विहीणबाई, कांदा बठ्ठा खारा शे." सगळा कांदा खारट आहे, एवढेच; माणूस हसत होता. मला ते हसणे पोचले, माणूस पोचला नाही. मी चाळीस पानांसमोर म्हटले, "तुमच्याच लेकीचा हात आहे, आबा. माहेरी मोजमाप शिकवलेलं दिसत नाही."

भूमिकाच्या हातात बट्टीचे ताट होते. ती एवढेच म्हणाली, "आई, तुमचा चातुर्मास होता. मला चाखायला तरी सांगायचं."

महिन्याभरात जितेंद्रने धुळ्याला बदली मागून घेतली. दिवाळीला तो एकटा येतो, दुपारच्या गाडीने परत जातो. नात मला फोटोत ओळखते म्हणे. मी तिला फोटोतसुद्धा आता ओळखत नाही, इतकी वाढली.

या माघात माझ्या छातीत जाळी बसवली आणि डॉक्टरांनी मीठ बंद केले. देवालाही टोमणे मारता येतात. बिनमिठाचे काय काय करता येईल म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. मी डब्यातून काही काढले की लगेच टिपते, ही लग्नापासूनची सवय. त्या वाढदिवसाच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "कांदा, मीठ सहा चमचे." खाली, पोथी वाचून उठल्यानंतरच्या ओळीत, पुन्हा माझ्याच अक्षरात: "कांदा, मीठ सहा चमचे." भूमिकाने त्या दिवशी डब्याला हातही लावलेला नव्हता.

चातुर्मास मी पाळला देवासाठी, आणि मीठ पडले सुनेच्या माथी. हे मला चार महिने माहीत आहे. चार महिने मी वही बंद करून ठेवली. तेही येथे नोंदवते.

वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. कलम ५ तसे नाही. ते भूमिकाच्या हाती पडेल त्या दिवसापासून लागू. त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. ती तिने आबांना दाखवावी, आणि वाटल्यास चारुलताने तिचा व्हिडिओ काढावा.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि एक शब्दही खोडायची इच्छा झाली नाही, कलम ३ धरून.

सही: कुंदाबाई पितांबर फेगडे
ठिकाण: जळगाव. दिनांक: १२ जून २०२५

साक्षीदार १: युसूफ भिकन बागवान, कांदे-बटाट्याचे व्यापारी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून यांना काही नाही. सगळे वाचून म्हणाले, "काकू, कलम पाच आधी लिहायचं होतं. घर नंतर." सही केली.
साक्षीदार २: प्रेमराज झिपरू भंगाळे, शेजारी. न वाचता सही केली, यांची नेहमीची पद्धत.

ता. क. भूमिकास: ही प्रत रजिस्टरने पाठवत आहे. ४ जुलैला शुक्रवारी कांदेनवमी आहे. यंदा मीठ बंद असल्याने त्या दिवशीही मला चाखता येणार नाही, आणि चाखल्याशिवाय कांदा करायचा नाही असे मी ठरवले आहे. चाखणारे कोणी लागेल. नातीला घेऊन येणार की नाही, ते उलटटपाली कळव. तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन.